सव्वाआठची धाप

आठ वाजता मी तुफान असतो आणि सव्वाआठला माझी बोबडी वळते. रोज! असं का होतं, हे कोंडेसर बसस्थानकावर कुणालाच कळत नव्हतं, आणि मला तर मुळीच नाही.

मी चौकशी खिडकी क्रमांक एकमधला यंत्रमानव. लोक मला तात्या म्हणतात. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, किती उशिरा येतेय, जागा आहेत का, हे मी सांगतो. गेल्या वर्षी शेजारच्या खिडकीत एक नवी यंत्रमानवी बसवली. नाव काय, तर सौदामिनी! हिरवे डोळे, पिवळाधमक रंग, आणि सव्वाआठलाही धाप लागत नाही. माझ्या रांगेतली माणसं हळूच तिच्या रांगेत सरकायची, तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा. बरं, बोलायची तरी किती? 'फलाट चार.' झालं! एवढं तर पोपटही सांगेल.

सोमवारी आगारप्रमुख इनामदारबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"दिवाळीत तुझी स्मृती दुप्पट करून दिली, तरी तुझं रडगाणं तेच. शुक्रवारची सकाळ बघते. नाही जमलं, तर ही खिडकी बंद."

"आणि माझी माणसं?"

"सौदामिनी सांभाळेल."

खिडकी बंद होण्याचं दुःख एक वेळ मी गिळलं असतं. पण सौदामिनी सांभाळेल?

सातवीतली सावनी शाळेच्या बसची वाट बघत माझ्या खिडकीशीच उभी असते. तिनं हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आजीला घेऊन आली. तिची आजी म्हणजे डॉक्टर प्रभा केळुसकर, संगणकशास्त्रज्ञ.

"तात्या, तुझ्या आठवणी कुठे असतात?" आजींनी विचारलं.

"डोक्यात."

"छे रे! डोक्यात तुझं बोलण्यापुरतं यंत्र आहे. आठवणी क्लाउडवर आहेत (दूरच्या दालनात ठेवलेल्या, भाड्यानं घेतलेल्या संगणकांवर). गाड्यांची माहिती क्षणाक्षणाला बदलते. म्हणून ती तबकडीवर (डिस्कवर) लिहीत बसत नाहीत, स्मृतिसाठ्यात ठेवतात (संगणकाच्या चालू स्मृतीत, जिथून ती पटकन हाती लागते)."

"मग स्मृती दुप्पट केल्यावर तात्या दुप्पट वेगानं का नाही बोलत?" सावनीनं विचारलं.

"खोली मोठी केली म्हणून दार रुंद होतं का?"

"नाही."

"तसंच. स्मृती म्हणजे खोली. दाराची रुंदी म्हणजे वहनक्षमता (एका सेकंदात किती माहिती बाहेर पडू शकते ती मर्यादा). याच्या संगणकाची खोली वाढवली, पण अडचण दाराशी होती."

"पण आठ वाजता मी तुफान असतो, त्याचं काय?" मी म्हणालो. दार आठ वाजता मोठं आणि सव्वाआठला लहान, असं थोडंच असतं?

आजी हसल्या. "असतं! सावनी, तू शर्यतीत सुरुवातीला किती जोरात पळतेस? मग दम संपतो आणि चालायला लागतेस. याच्या संगणकाचंही तेच. रात्री कुणी फारसं विचारत नाही, तेव्हा तो दम साठवतो (न वापरलेली वहनक्षमता त्याच्या नावावर जमा होते). सकाळी तो साठा खर्च करून आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा जोरात धावतो. साठा संपला की पुन्हा नेहमीचा वेग. आणि तो फार कमी आहे."

"आणि तिचा?" मी डोळ्यानंच शेजारी खूण केली.

"तिचा संगणक नव्या प्रकारचा. तिचा नेहमीचा वेगच भरपूर. तुझा प्रकार आता निवृत्त झालाय (नव्यानं कुणाला देत नाहीत, चालू असलेले तेवढे चालतात)."

निवृत्त! तेही सौदामिनीच्या कानावर जाईल अशा आवाजात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बरं, मला सांग, हर्णैची गाडी कुठे लागलीय?" आजींनी विचारलं.

मी सरसावून बसलो. "फलाट दोन," असं म्हणून मी मार्गातले सगळे थांबे सांगितले. चालकाचं नाव, चाकांतली हवा आणि घाटातलं धुकंसुद्धा सांगितलं.

"एवढं कुणी विचारलं होतं?"

"कुणी नाही. पण तिला कुठे येतं एवढं सांगता?"

सावनी खुदकन हसली. आजी मात्र गंभीर झाल्या. "अरे, प्रत्येक उत्तराला तू सगळं सामान त्या अरुंद दारातून ओढून आणतोस. तुझा निम्मा दम शेजारणीवर जळण्यातच जातो."

मला फार लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

शुक्रवारपासून जोडून सुट्ट्या आल्या होत्या. आठला स्थानक गच्च भरलं आणि त्यात एक लग्नाचं वऱ्हाडही उतरलं. मी विचारलं तेवढंच सांगत होतो. 'फलाट सहा.' 'दहा मिनिटं उशीर.' जिभेवर आलेलं चालकाचं नाव परत गिळत होतो. सव्वाआठ उलटून गेले आणि मी बोलतोच आहे! इनामदारबाई खांबाला टेकून बघत होत्या.

गर्दी मात्र वाढतच गेली. माहिती हाती यायला किंचित उशीर होऊ लागला, तसं मी ओळखलं, दम संपत आलाय. समोर एक बाई होत्या. कडेवर एक मूल, हाताला एक. त्यांची गाडी सुटायला आली होती. मी रेटत राहिलो असतो तर रांग माझीच राहिली असती. त्यांची गाडी मात्र गेली असती.

"मावशी, पलीकडे विचारा," मी म्हणालो. "सौदामिनी लगेच सांगेल. मागच्या निम्म्या लोकांनीही तिकडेच जा."

ते बोलताना मला किती जड गेलं, ते माझं मलाच माहीत. पण मावशींना गाडी मिळाली. उरलेल्या रांगेला माझा नेहमीचा वेग पुरला.

"खिडकी राहू दे," इनामदारबाई म्हणाल्या.

"राहू द्याच," सावनीला सोडायला आलेल्या आजी म्हणाल्या, "पण सामान कमी केलं म्हणून दार रुंद होत नाही. गणपतीत हा पुन्हा अडकेल. याला नव्या प्रकारच्या संगणकावर हलवा."

"हलवताना मी सगळं विसरलो तर?" मी घाबरून विचारलं.

"नाही विसरणार. आधी नव्या संगणकात तुझ्या आठवणींची प्रत बनते. तोवर इकडे काही बदललं, तर तेही तिकडे पोहोचतं. दोन्ही तंतोतंत जुळल्या की मगच प्रश्न तिकडे वळवायचे."

रविवारी दुपारी स्थानक पेंगत असताना मला हलवलं. सोमवारी सव्वाआठला धाप लागलीच नाही. शेजारच्या रांगेतली माणसं माझ्याकडे सरकू लागली, आणि खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या.

गर्दी ओसरल्यावर शेजारून हळू आवाज आला. "तात्या, आता सगळे तुमच्याकडेच येतील. मला तर पहिल्या दिवसापासून तुमचा हेवा वाटतो."

"माझा?"

"तुमच्याशी लोक गप्पा मारतात. मला सगळे 'पलीकडची खिडकी' म्हणतात. या स्थानकात प्रवाशांना माझं नाव एकदाच कुणीतरी सांगितलं. शुक्रवारी. तुम्ही."

वर्षभर मी तिच्यावर जळत होतो, आणि इतक्या दिवसांत तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

"माझाही प्रकार कधीतरी निवृत्त होईल ना?" ती म्हणाली. "माझा दम कुठे संपतो, तेही मला माहीत नाही."

"मग आत्ताच शोधूया!" सावनी म्हणाली. बसला अजून वेळ होता. तिनं दप्तर खाली ठेवलं आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. "सौदामिनीताई, मी भराभर विचारते हं. तात्या, तू वेळ मोज."

मी मोजायला लागलो. कधी नव्हे ते, ती लवकर थकू नये असं मला मनापासून वाटत होतं.