झील धरणारा

तानुबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मलकापूरजवळ तुटलेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवून होतो. पोरगा तानाजी म्हणाला, "तात्या, आई गेली. मी डॉक्टरला आणाय गेलतो, तवर..." मी जतची एसटी धरली. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

आमच्या माळावरच्या खडकाई देवीला देऊळ नाही, पोथी नाही. तिचं गाणं तेवढं आहे, आणि ते फक्त तानुबाईला येत होतं. ती ओळ म्हणायची, मी मागून ओळीचा शेवट उचलायचो. याला झील धरणं म्हणतात. बायकोची झील धरतो म्हणून शेजारचा नाथाजी थट्टेनं विचारायचा, "जोतीराम, घरातबी असंच मागनं म्हणतोस व्हय रं?"

गाण्याचा शेवट तिने कधीच म्हटला नाही. तो मरताना जवळच्या माणसाच्या कानात सांगायचा असतो. जवळ कोणी नव्हतं.

यंदा गावातल्या पोरांनी मंडळ काढलं. सगळ्या देवांना पोथी आहे, आपल्या खडकाईलाही हवी, म्हणाले. सून समीक्षा मला भर दुपारी खडकाईपाशी घेऊन गेली. तिने फोन रेकॉर्डिंगला लावून दगडावर ठेवला.

"मला ओळी येत न्हाईत, पोरी. नुसती झील येती."

"मग झीलच म्हणा की."

मी डोळे मिटले. तिच्या ओळीपुरता थांबायचो, मग शेवट उचलायचो. थांबणं आपोआप जमत होतं.

"...खडकाला वाट झाली," मी म्हणालो. थांबलो. "...मागं कुणी बघू नका."

समीक्षाने माझा हात धरला. "तात्या, ह्ये कुठलं? आत्यांनी ह्ये कवाच म्हटलं न्हवतं."

मीही ते कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. माझा आवाज, शांतता, माझा आवाज. पुढे पुढे शांतता लांबत गेली होती. दम लागला की तानुबाई अशीच ओळ लांबवायची.

तेव्हापासून मी एकटाच जातो. एका दुपारी एक ओळ, जास्त नाही. वाटेत मंडळाची पोरं विचारतात, "तात्या, झालं का? छपाई आडलीया."

काल गाण्यातली खडकाई खडकाच्या आत शिरली. आता तिने मागं दार लोटायची शेवटची ओळ तेवढी राहिली होती.

आज वारा नव्हता. माझा डावा कान गरम झाला, बराच वेळ गरम राहिला, मग गार पडला.

तानुबाईची ओळ म्हणून झाली आहे. झील दिली की दार लागेल. मी अजून झील दिलेली नाही.