चौथा सिलिंडर

सिग्नल लाल झाला आणि तिच्या मागे कुणीतरी खोकलं.

माणूस नव्हे हं, गाडी! जुनी, फिकट निळी, एका दाराचा रंग किंचित वेगळा. भुर्र-भुर्र-ठप्प... भुर्र-भुर्र-ठप्प... पाऊस नुसता भुरभुरत होता, सगळे वैतागून समोर बघत होते, आणि स्कूटरवरच्या तिचे मात्र कान टवकारले. राहवेना. पाय टेकत टेकत तिनं स्कूटर मागे सरकवली आणि गाडीच्या काचेवर टकटक केलं.

काच खाली आली. आत एक चष्मा, आणि चष्म्यामागे गोंधळलेले दोन डोळे.

"तुमची गाडी लंगडतेय."

"अं? पंक्चर...?"

"पंक्चर नाही हो. इंजिन! चार सिलिंडर आहेत ना, त्यातले तीनच राबताहेत. एकजण नुसता बसून खातोय."

"तुम्हाला नुसतं ऐकून कळलं?"

"तुम्हाला आत बसून कळलं नाही?"

तो हसला. सिग्नल हिरवा झाला. "पाण्याच्या टाकीमागे गॅरेज आहे, माझ्या काकांचं," असं ती घाईघाईत म्हणाली आणि गार वाऱ्यातही गाल का तापलेत याचा विचार न करता सुसाट निघाली.

गॅरेजात तिचं नाव 'पाना'. काकांनीच ठेवलेलं. हाक मारली, की पाना घेऊन हजर असायची म्हणून. पण गिऱ्हाइकं यायची ती तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारायची, "काका कुठायत?" दुपारी काका घरी जेवायला जात, आणि ही टूलबॉक्सवर डबा मांडून एकटीच जेवे. घरी तरी काय? दादा-वहिनीला जुळी झाली, तेव्हापासून सगळं घर त्या दोन पाळण्यांभोवती फिरत होतं. जुळी होतीच तशी गोड, त्यांच्यावर कोण रुसणार! पण एकदा तिनं गंमत म्हणून (गंमत म्हणूनच हं) संध्याकाळभर गच्चीवर बसून पाहिलं, कोण शोधायला येतंय ते.

कुणी आलं नाही. अंधार पडल्यावर ती आपली आपणच खाली आली. आई म्हणाली, "आलीच आहेस तर दार लाव गं, बाळांना वारं लागतंय."

तिनं दार लावलं.

असो. तर त्या दुपारी काका नुकतेच जेवायला गेले होते आणि निळी गाडी खोकत खोकत दारात आली. चष्मेवाला उतरला. त्यानं इकडेतिकडे पाहिलंच नाही. सरळ तिलाच विचारलं, "तुम्हीच बघाल ना?"

काका कुठायत, असं न विचारणारा हा पहिलाच.

"बसा आत. इंजिन चालू ठेवा," ती रबरी मुठीची पक्कड घेत म्हणाली. "मी एकेका प्लगची वायर काढून बघते. आवाजात फरक पडला की सांगायचं."

"अहो, हा तर माझा डायलॉग आहे!"

"म्हणजे?"

"मी चौकातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि विचारायचं... आता? फरक पडला?"

"मग आज उत्तरं द्या जरा."

पहिली वायर काढली. इंजिन अंगभर थरथरलं. "पडला!" ती वायर परत लावली, दुसरी काढली. "पडला!" तिसरी. "पडला, पडला! अहो लावा, बंद पडेल आता!"

चौथी.

भुर्र-भुर्र-ठप्प. इंजिन आपलं तसंच.

"...नाही पडला," तो हळूच म्हणाला.

"सापडला! ज्याला काढलं तरी फरक पडत नाही, तो मेलेला." ती हसली खरी, पण वायर तिच्या हातात तशीच राहिली. "आमच्या घरात मी. चौथा सिलिंडर."

निसटलंच तोंडातून! त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. तिला वाटलं, बॉनेटखालीच लपून बसावं.

मग ती भराभर कामाला लागली. चौथ्याचा प्लग तिसऱ्यात घातला, तिसऱ्याचा चौथ्यात. तरी मेलेला तो चौथाच. म्हणजे प्लग बिचारा निर्दोष.

"ओलाव्यात जास्त खोकते का?"

"हो! सकाळी धुकं असलं, की फारच."

"मग अंधार करू."

"क... काय?"

"शटर हो! शटर ओढते!"

धूर कोंडू नये म्हणून मागचं दार सताड उघडून तिनं पंखा लावला, शटर ओढलं. त्या अर्धवट काळोखात तिनं वायरींवर बाटलीनं पाण्याचा बारीक फवारा मारला. "वाका इकडे. हात मात्र मागे."

टिक्.

एक इवलीशी निळी ठिणगी वायरीतून निघाली आणि लोखंडावर उडी मारून विझली. टिक्... टिक्...

"अगं!" तो पुटपुटला. अहो नाही. अगं!

"वायर चिरलीय," ती कुजबुजली. कुजबुजायची काय गरज होती, देव जाणे. "ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही, वाटेतच पळून जाते. बघ ना."

निळा ठिपका त्याच्या दोन्ही भिंगांत चमकत होता. पण ती भिंगं... इंजिनाकडे वळलेली नव्हती.

"इंजिन इकडे आहे," ती म्हणाली.

"हो... दिसलं."

तेवढ्यात बाहेर काका खाकरले. शटर खडखडत वर गेलं. नव्या वायरी बसल्या आणि गाडी अशी चालली, जशी मांडीवर झोपलेली मांजर.

"बघ, आता आवाजच नाही!"

"हो ना," तो म्हणाला. आनंदानं म्हणायला हवं होतं, पण तसं म्हणाला नाही. आणि गेला.

गेला तो गेलाच. धुक्याच्या सकाळी येत राहिल्या. रस्त्यावर कुणी खोकलं, की ती मान वर करी. कधी टेम्पो, कधी शाळेची बस. तो नाही. डबा पुन्हा टूलबॉक्सवर, एकटीचा. पूर्वी तो नुसता एकटा डबा होता, आता त्यात कुणीतरी नव्हतं. आणि हे सगळं केलं कुणी? तिनंच! कुणी सांगितलं होतं इतकं चांगलं काम करायला?

"पाने, तो नट किती पिळशील?" काका ओरडले. "त्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

शेवटी एका संध्याकाळी तिनं नखांतलं ग्रीस खसखसून काढलं आणि थेट चष्म्याच्या दुकानात जाऊन खुर्चीत बसली. "डोळे तपासायचेत."

तो गडबडला. तिच्या नाकावर त्यानं भिंगं बदलायची ती जड फ्रेम चढवली. "आता? फरक पडला?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"शेवटची ओळ वाच." तिनं वाचलीच, वर तक्ता छापणाऱ्याचा बारीक पत्ताही वाचला. त्यानं भिंग खाली ठेवलं. "तुझे डोळे घारीसारखे आहेत. कशाला आलीस?"

"तू का नाही आलास?"

"मी? मी रोज जातो तुझ्या गॅरेजसमोरून! काच खाली करून, मुंगीच्या वेगानं. तू टेम्पोकडे बघतेस, बसकडे बघतेस... माझ्याकडेच बघत नाहीस."

ती बघतच राहिली. कानांनी जग ओळखणारी ती, आणि त्याची गाडी आता आवाजच करत नव्हती!

"मग थांबायचं ना!"

"ठणठणीत गाडी घेऊन गॅरेजात कुठल्या तोंडानं येऊ?"

"मी नाही का आले, ठणठणीत डोळे घेऊन?"

दोघंही हसत सुटली. मग तो थांबला. अलगद तिच्या नाकावरची फ्रेम काढत म्हणाला, "त्या दिवशी मला बोलायचं होतं. पण मला सगळं घरी गेल्यावर सुचतं."

"काय सुचलं?"

"तू म्हणालीस, चौथ्याला काढलं तरी फरक पडत नाही. पण अगं, तो नव्हता म्हणूनच तर अख्खी गाडी खोकत होती. फरक आधीच पडलेला होता. मला नुसती सवय झाली होती त्या आवाजाची... तुझ्या घराचंही तसंच असेल."

समोरच्या तक्त्यावरची अक्षरं एकदम विरघळायला लागली.

"मला दिसत नाहीये नीट."

"कुठली ओळ?"

"एकही."

त्यानं रुमाल पुढे केला, भिंगं पुसायचा, मऊ.

"गाडीला हॉर्न आहे ना?" शेवटी नाक पुसत तिनं विचारलं.

"आहे."

"मग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. काका एका गाडीखाली आडवे झालेले, नुसते पाय बाहेर. आणि रस्त्यावर, अगदी लाजत, एक हॉर्न वाजला.

"कोण आहे गं, पाने? काय बिघडलंय त्याचं?"

तिनं हात पुसले. गालावर ग्रीसचा पट्टा होता, तो तसाच राहू दिला.

"काही नाही काका," ती दाराकडे पळत म्हणाली. "काहीच बिघडलेलं नाहीये!"