पाणकोंबडी

संग्रहालयाच्या भिंतीवर कोड्याचं पत्रक मुद्दाम उलटं चिकटवलं होतं, म्हणून ती भर रस्त्यात कंबरेत वाकून, मान उलटी करून वाचत होती. तेवढ्यात शेजारी आणखी एक डोकं तसंच उलटं आलं...

"तुम्ही... भिंग?" त्यानं विचारलं.

"आणि तुम्ही पाना," ती म्हणाली. लाजेनं की वाकल्यामुळे कोण जाणे, पण गाल लालबुंद झाले होते.

दोघं एकाच ऑनलाइन गटातले, आणि या शहरातले तेवढेच दोघं. एक बेपत्ता शास्त्रज्ञ बाई, तिची डायरी, आणि गावोगावी पेरलेल्या खुणा, असा तो खेळ. गोष्ट खोटी, पण खुणा खऱ्या जागी सापडायच्या. चारशे जण मिळून कोडी सोडवत होते. ती आत्याच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, म्हणून भिंग. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून पाना. गटात दोघांचे रोज खटके उडायचे.

त्या दिवसापासून मात्र भांडायलाही दुकानासमोरच्या टपरीवरचा चहा लागू लागला. एकदा गारठ्यात त्यानं आपला एकच हातमोजा काढून तिला दिला. तुझ्या दुसऱ्या हातात गरम कप आहे की, म्हणाला. घरी जाईपर्यंत तिनं तो काढला नाही.

तीन महिन्यांनी शेवटचं कोडं आलं. पानभर नुसते रंगीत ठिपके. सगळे हैराण. गटातले निवृत्त हेडमास्तर रोज सकाळी ठिपक्यांचा नवा तक्ता टाकायचे, आणि रोज संध्याकाळी तो चुकीचा ठरायचा.

एका दुपारी तिनं नंबर तपासायच्या पेटीतली लाल काच सहज त्या पानावर धरली... आणि ठिपक्यांतून अक्षरं वर आली. पाणकोंबडी. हाच परवलीचा शब्द!

तिनं तो टाइपही केला. पण बोट अडलं. खेळ संपला, की हा इकडे कशाला फिरकेल?

दोन दिवस ती गप्प राहिली. एका गिऱ्हाइकाला तिनं एकच ओळ तीनदा वाचायला लावली, तेव्हा आत्यानं चष्म्यावरून तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो दुकानाच्या दारात आला तो सुजलेले डोळे घेऊन. ठिपक्यांसाठी चक्क रजा टाकली होती त्यानं. तिला राहवेना. तिनं मुकाट्यानं लाल काच त्याच्या हातात ठेवली.

त्यानं ती ठिपक्यांवर धरली आणि वाचलं.

"कधी सापडलं?"

"परवा."

"आणि मी दोन दिवस डोकं फोडत बसलोय."

"संपू नये असं वाटलं..."

"खेळ?"

"नाही. तुझं येणं."

त्यानं काच सावकाश खाली ठेवली. राग आलाय, हे त्यानं लपवलं नाही. चारशे माणसं ताटकळलीत, आधी ते पाठव, म्हणाला. पण पाठवताना तिचं बोट पुन्हा अडलं, तेव्हा त्यावर स्वतःचं बोट ठेवून त्यानंच दाबलं.

गटात नुसता जल्लोष उसळला. हेडमास्तरांनी कबूल केलं, की ते इतके दिवस त्या ठिपक्यांना ताऱ्यांचा नकाशा समजत होते. ती हसली, तोही हसला, आणि हसता हसता राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नाही.

"आता शोधायला काही उरलं नाही," ती हळूच म्हणाली.

"तरी उद्या येणार. परवाही येणार."

"आत्या विचारेल, कशाला?"

तो सरळ आत गेला. आत्या फ्रेमा पुसत होती. दोनदा अडखळून त्यानं सांगितलं, "आत्या, मला ही फार आवडते."

आत्यानं मान वर केली नाही. "तीन महिने लागले दिसायला? बस त्या खुर्चीवर. आधी डोळे तपासून घे."

तो खरंच जाऊन बसला.