बारा नंबरची गाठ

नारपोलीची मेघाली चेलो वाजवते. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीत बसून गुडघ्यांत धरायचा. परदेशात लोकांनी उभं राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, पण तिच्या बापाला, अनंताला, तिचा एक सूर कधी ऐकू गेला नाही. तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवून त्या खडखडाटानं त्याचे कान गेले होते. तो गेलाही ड्युटीवरच, बारा नंबरच्या लूमपाशी, तुटलेलं सूत बोटांत धरून.

त्याच्यासाठी तिनं एक रचना केली होती. तिचा शेवटचा भाग त्याच कारखान्यात वाजवायचा, हा तिचा हट्ट. शनिवारी कारखान्याची शेड पाडणार होते. म्हणून शुक्रवारी, आसपासचे कारखानेही सुट्टीनं बंद असतात त्या दुपारी, रेकॉर्डिंगवाल्या विशालला घेऊन ती तिथे पोचली.

कुलूप काढणारा चिंधूकाका अनंताच्याच शिफ्टचा. तो दबक्या आवाजात म्हणाला, "बाय, बारा नंबरपाशी नको बसू. तुझा बापूस अजून ड्युटीवर हाय..."

"मग बरंच की, काका! आज ऐकेल तरी."

अशी ती. भीती तिच्या गावीच नव्हती. विशालला आणि काकाला दाराबाहेर बसवून तिनं दार ओढून घेतलं आणि बारा नंबरकडे पाठ करून बसली. लाइट कापलेली, लूमचे पट्टेसुद्धा काढून नेलेले. तेलाचा आणि कुबट सुताचा वास तेवढा उरला होता.

वीस मिनिटं हात असा चालला, की तिचं तिलाच कौतुक वाटलं. आणि शेवटच्या ओळीला... तट्! जाड तार खुंटीजवळ तुटली. जनावराच्या आतड्याची तार, जवळ दुसरी नाही, आणि उद्या इथे जेसीबी. तिला रडूच फुटलं. डोळे मिटून ती पुटपुटली, "बाबा... तुटली."

मागे खट् झालं. एकदाच.

मग बाबांच्या तंबाखूचा वास आला. तिच्या कानापाशी खुंटी करकरत फिरली... तिनं डोळे उघडले नाहीत.

उघडले तेव्हा तार ताणलेली होती. तारेला बारीक, चपटी गाठ, तुटलेल्या सुताला मारतात तशी. मेघालीनं गज उचलला आणि शेवटपर्यंत वाजवलं, जन्मात वाजवलं नव्हतं असं.

विशाल धावत आत आला. "ताई, एक नंबर! मध्ये तार तुटल्यासारखं वाटलं मला."

"तुटलीच होती."

चिंधूकाकानं वाकून गाठ पाहिली आणि तो मागे सरला. "अनंताचीच... टोक दातानं तोडायचा तो."

मेघालीनं टोकाला बोट लावलं. ते अजून ओलं होतं.