कोणी आहे का?

दुपारचे तीन वाजले होते. मऊ कापड घेऊन ती रोजच्यासारखी आरसे पुसायला निघाली. प्रयोगशाळेत तिला सगळे आरसेवालीच म्हणत. शिक्षण बेताचं, पण हात असा, की आरसा केसभर कलला तरी बोटांना कळावं.

त्या खोलीला खिडकी नाही. दार लागलं की भर दुपारी अमावास्या. आतलं लेझर यंत्र प्रकाशाचा ठोका मारायचं. सेकंदाचे लाख कोटी तुकडे करा. त्यातले पाच-सहा, एवढंच त्या ठोक्याचं आयुष्य. पण आडवा येईल त्याची धडगत नाही.

म्हणून तिथल्या मास्तरांनी नियम घातला होता. ठोक्याआधी एकाने पार मागच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, "कोणी आहे का?" म्हणून ओरडायचं, दहा आकडे मोजायचे, मग बाहेर. उत्तर आलं तर ठोका नाही.

वर्षापूर्वी बटणं दाबणाऱ्या धांदल्याने दारातूनच हाक मारून काम उरकलं. मागच्या कोपऱ्यात मास्तर छातीत कळ येऊन पडले होते. हाक ऐकली असेलही, पण 'आहे' म्हणायला श्वास कुठला? सापडले तेव्हा अंग गार.

तेव्हापासून हाकेला उत्तर येऊ लागलं, आणि यंत्र मुकं झालं. आज मोठ्या साहेबांनी निकाल दिला होता : पाचपर्यंत ठोका पडला नाही, तर उद्या यंत्र भंगारात. आरसे पुसून होईतो साडेचार वाजले, आणि हाक मारायलाही तीच निघाली.

"जाऊ नकोस गं आत," धांदल्या म्हणाला.

"दारातून ओरडणाऱ्याने मला शहाणपण शिकवू नये. गप बस."

आत तापलेल्या तारांचा वास होता, आणि त्याखाली ओल्या लोखंडाचा. ती कोपऱ्यात गेली.

"कोणी आहे का?"

एक... दोन... सातावर कानामागून आलं,

"आहे..."

ती गर्रकन वळली, मागे कोणी नव्हतं. पण जीभ कुठली गप्प बसते!

"असाल, मास्तर! वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलेत मी हे आरसे. भंगारात नाही जाऊ देणार. ठोक्याआधी माणसाने बाहेर पडायचं, नियम तुमचाच ना? मग चला. मी दार धरते."

ती जड दार धरून उभी राहिली. कोपराला गार वारा चाटून गेला. बाहेर धांदल्या भिंतीला पालीसारखा चिकटला.

ती पुन्हा आत गेली. हाक मारली, दहा मोजले. चिडीचूप. बाहेर येऊन तिने दार लावलं.

"मार."

"पूर्ण ताकदीने...?"

"मग काय फुंकर घालतोस?"

टक्! पाचाला चार मिनिटं कमी होती. निकाल बघायला येऊन थांबलेल्या साहेबांनी पडद्यावरचा ठोक्याचा आकडा पाहिला आणि भंगाराचा हुकूम फाडला.

तिने आतून ठोक्यासमोरचा काळा कागद आणला. प्रकाश पडेल तिथे तो पांढरा व्हायचा. ताटाएवढा पांढराशुभ्र गोल उमटला होता. आणि मधोमध, काळाच राहिलेला, माणसाचा पंजा.

"मास्तर... गेले नाहीत गं..." धांदल्याचे दात वाजत होते.

तिने आपला हात त्यावर ठेवला. बोटाला बोट जुळलं. लहानपणी मोडून वाकडी झालेली तिची करंगळीसुद्धा नेमकी बसली.

ठोका पडला तेव्हा ती बाहेर होती, धांदल्याच्या शेजारी.

तिने कागद बाजूला ठेवला. मग पदर खोचला.

"नवा कागद काढ. अजून एक मारायचाय."

आणि हाक मारायला ती दाराकडे वळली, तेव्हा तळहात भाजल्यासारखा चुरचुरत होता.