जपून ठेवायची आठवण

मुलाखतीच्या खोलीत दातांच्या डॉक्टरकडे असते तशी मागे कलणारी खुर्ची होती. डोक्यावर बसवलेलं धातूचं कडं ऋजुताला कपाळावर गार लागलं, आणि ती मनातल्या मनात शेवटची उजळणी करू लागली : निनाद डाव्या कुशीवर झोपतो, चहात साखर दीड चमचा, लग्नात त्याच्या मामाचा पाय प्लास्टरमध्ये होता.

तीन महिने दोघांनी अभ्यास केला होता. बर्वेवकिलांनी दिलेला दोनशे बारा अपेक्षित प्रश्नांचा संच फ्रिजवर चिकटवला होता. कणीक मळताना, लेकीला, रेवाला न्हाऊ घालताना दोघं एकमेकांची तोंडी परीक्षा घ्यायची. बारावीपर्यंत अपेक्षित प्रश्न घोकून वर आलेली ही माणसं. लग्न खरं आहे हे पटवायची ग्रीन कार्डाची मुलाखत तरी वेगळी काय असणार? चार वर्षांची रेवासुद्धा तयार झाली होती. "बाबाचा ब्रश निळा, आणि तो पेस्ट मधूनच दाबतो," असं ती बर्वेकाकांना फोनवर ऐकवायची.

पण समोरच्या डॉ. व्हेलन यांनी यातलं काहीच विचारलं नाही. "लग्नाचा दिवस आठवा. मुलीचा जन्म आठवा," एवढंच म्हणत त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पुण्यात तुम्ही उंदरांच्या स्मृतीवर संशोधन केलंय. तरी अशी चूक केलीत?"

"कसली चूक? हे यंत्र मोजतं तरी काय?"

"पुनर्लेखनांक. याच महिन्यापासून."

पुढचं ऋजुताला सांगावं लागलं नाही. "आठवण काढली की ती मऊ पडते," ती सावकाश म्हणाली, "आणि परत ठेवताना नव्यानं लिहिली जाते. तुम्ही ते थर मोजताय."

"बरोबर. पढवलेलं रोज घोकावं लागतं, म्हणून त्याचे थर वाढतात. दहाच्या वर अंक गेला की आम्ही आठवण बनावट धरतो. तुमच्या लग्नाचा अंक एकशे चाळीस. मुलीच्या जन्माचा तीनशे सहा."

"रेवा रोज तिच्या जन्माची गोष्ट मागते, डॉक्टर. आवडतं तेच माणूस परत परत आठवतं. तुमचं यंत्र मायेलाच खोटं ठरवतंय."

"असेल. उंदरांवर काम करताना मायेचा हिशेब तुम्ही तरी धरला होता का?" व्हेलन यांचा आवाज चढला नाही. "लग्न खोटं ठरलं तर तीस दिवसांत तुम्हाला देश सोडावा लागेल, आणि परत येता येणार नाही. मुलगी आणि तिचे वडील इथले नागरिक आहेत, ती त्यांच्याजवळ राहू शकेल."

ऋजुताने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"एक वाट आहे. दोघांच्या आयुष्यातली, पण त्यानंतर कधीच न बोललेली एखादी घटना सांगा. शेजारच्या खोलीत तुमच्या नवऱ्यालाही हेच विचारतायत. घटना एकच निघायला हवी."

अशी एकच होती. दोन वर्षांपूर्वीची. रेवा तापाने फणफणलेली, आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून निनाद अगदी शांतपणे म्हणाला होता, "लग्न करून चुकलो मी. रेवाला ठेव इथे, तू जा." सकाळी त्याने नेहमीसारखा चहा पुढे ठेवला, आणि ती तो प्यायली. नंतर कधी ते वर यायला लागलं, की ती नळ मोठा सोडून भांडी घासायला घ्यायची.

डोळे मिटून तिने सगळं सांगून टाकलं.

पडद्यावर अंक उमटला : दोन. थोड्या वेळाने शेजारच्या खोलीतला आला. तोही दोन.

"त्यांनीही स्वयंपाकघरच सांगितलं," व्हेलन म्हणाल्या. "फक्त त्यांच्या मते निघून जायची भाषा आधी तुम्ही केलीत. न घोकलेल्या आठवणी अशाच वेगवेगळ्या निघतात. लग्न खरं आहे. नव्या नियमाने कार्ड दोन वर्षांचं मिळेल. मग पुन्हा इथेच यायचं, आणि तपासायला तुमच्याकडे ही एकच अस्सल आठवण आहे. जपा तिला. मनातही काढू नका. आपसात तर मुळीच नको."

बाहेर बर्वेकाका रेवाचा हात धरून उभे होते. "संचातलेच आले ना सगळे?" त्यांनी खुशीत विचारलं.

"एकही नाही, काका," ऋजुता म्हणाली.

काकांचा निरोप घेऊन ती रेवाशेजारी मागच्या सीटवर बसली. निनादने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. आरशात त्याचे डोळे लाल दिसत होते.

"ऋजू, त्या दिवशी स्वयंपाकघरात मी जे बोललो, ते..."

या वाक्याची तिने दोन वर्षं वाट पाहिली होती. तिने पुढे वाकून त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"नको."

"अगं, मला माफी तरी..."

"दोन वर्षांनी माग."

पण आठवण निघालीच होती. ओटा, ताप, त्याचा शांत आवाज. तीन, तिने मनात मोजलं.

"आई, मी जन्मले ती गोष्ट सांग," रेवा म्हणाली.

ती कितीही वेळा सांगितली तरी चालणार होतं. "त्या दिवशी ना, बाबाने घाईत दोन पायांत दोन वेगळे बूट घातले होते," ऋजुता सांगू लागली. आरशात निनादचे ओठ पुन्हा हलले, तसा तिने आवाज मोठा केला.