रिकाम्या खुंटीची हाक

हरबा चोगले यांचे पत्र मला सहा वर्षांपूर्वी आले होते. ते काळशिंद बंदराच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. 'दातार सर, आमचा यंत्रसंच तुम्ही बसवलात. तो काय काय करतो, ते कळवावे,' एवढेच त्यांनी विचारले होते. मी तीनदा उत्तर लिहायला बसलो. आपल्याला आठवते ते बरोबरच असेल, याची खात्री वाटेना. कुणा जाणत्या माणसाने एव्हाना सांगितले असेल, अशी समजूत करून घेतली आणि पत्र एका जाड पुस्तकात ठेवून दिले.

परवा सकाळी केतकी तांडेल दारात उभी राहिली, तेव्हा ते पुस्तक शोधावे लागले. केतकी बारा वर्षांची. तिची आई नीरा काळशिंदला सूर्यशिडाची होडी (जिच्या शिडावरच सौरपट्ट्या असतात ती) चालवते.

"आजोबा, भोंगा तुम्हीच बसवलात ना? तो मेलेल्या होडीला हाका मारतो."

मी तिला पाणी दिले. ती प्यायली नाही.

"जुन्या संचाच्या खोलीला दोन वर्षं कुलूप आहे. आतल्या यंत्रांचे पडदे काळे पडलेत. तरी सूर्य बुडाला की छपरावरून बाईचा आवाज येतो. 'सागरकन्या. सागरकन्या. सागरकन्या.' अगदी शांतपणे, जेवायला बोलावल्यासारखा. सागरकन्या हरबाकाकांची. ती दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या खाडीत मोडून टाकली."

"मग लोक काय करतात?"

"दारं लावून घेतात. मागच्या मंगळवारी तो 'चंद्रकोर' म्हणाला. ती आईची होडी. पंखा जाळ्यात अडकला म्हणून ती तासभर उशिरा आली. तेव्हापासून आई किनाऱ्यावर बसून आहे. शनिवारी नवा संच येणार, जुना भंगारात जाणार. पण भोंगा गेल्यावर आई समुद्रावर जाईल का? मला तसं वाटत नाही."

मी कागद पुढे सरकवला. "जुना काय करतो, नवा काय करतो, हे सध्या बाजूला ठेव. सोसायटीला काय काय करता आलंच पाहिजे, ते सांग."

"मासळी तोलणं. बर्फ पुरवणं. लिलाव. वादळाचा इशारा."

मी चार चौकोन काढले. "यांना क्षमता म्हणायचं (संस्थेला जे जमलंच पाहिजे ते. ते कोण करतं, कोणत्या यंत्रानं होतं, हा पुढचा प्रश्न). आता प्रत्येक चौकोनाखाली यंत्राचं नाव लिही."

नव्या संचाची माहिती केतकीला तोंडपाठ होती. चारही चौकोनांखाली तिने 'नवा' लिहिले. वादळाखाली भोंग्यासाठी 'जुना'ही लिहिला आणि थांबली. "इथं दोघं एकच काम करतात. म्हणजे एक जास्तीचा."

"बरोबर. यंत्ररचना (कोणतं यंत्र कोणतं काम करील आणि कशाला जोडलेलं असेल) अशी नकाशा बघून ठरवायची. यंत्रं मोजून नाही."

"मग जुना जाऊ दे. कामं संपली."

मलाही क्षणभर तसेच वाटले. पण हरबांचे पत्र समोर होते. "तुझी आई निघताना पहिलं काय करते?"

"धक्क्यावरच्या फळीवरून आपला तांब्याचा बिल्ला काढून गळ्यात घालते. आली की परत खुंटीला टांगते. सगळेच करतात, पणजीच्या वेळेपासून."

"कशासाठी?"

तिने स्वतःच पाचवा चौकोन काढला आणि आत लिहिले, 'कोण परत आलं नाही ते कळणं.' त्याच्याखाली नव्या संचाचे नाव येत नव्हते.

तेव्हा मला नीट आठवले. प्रत्येक खुंटीत मी एक कळ बसवली होती. छपरावरच्या सौरपट्टीने भरणाऱ्या बॅटरीवर ती यंत्रणा वेगळी चालायची. सूर्य बुडाल्यावर जी खुंटी रिकामी, तिच्या होडीचे नाव भोंगा घेई. हे मी कुणाला लिहून दिले नव्हते.

"म्हणजे मंगळवारी..." केतकीचा आवाज बारीक झाला.

"तो मदतीला बोलावत होता. आणि गावानं दारं लावली."

"सागरकन्येचा बिल्ला हरबाकाकांच्या देव्हाऱ्यात आहे."

"मग भोंग्याच्या हिशेबी ती अजून समुद्रावरच आहे."

दुपारच्या होडीने मी तिच्याबरोबर काळशिंदला गेलो. सूर्य टेकला होता. धक्क्यावर नीराखेरीज कोणी नव्हते, आणि एकेक खिडकी बंद होत होती. ती आमच्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली. तिची होडी चार हातांवर बांधलेली होती. मी चंद्रकोरचा बिल्ला काढून तिच्या हातात दिला.

सूर्य बुडाला. "सागरकन्या," तीनदा. मग, "चंद्रकोर."

नीरा दचकली. पण तिचे डोळे खुंटीवर होते. तिने बिल्ला हळूच टांगला आणि आवाज तिथेच थांबला. तिने पुन्हा काढला. "चंद्रकोर." पुन्हा टांगला.

"सर, एवढं एक पत्रात लिहायला काय झालं होतं तुम्हाला?" ती म्हणाली. मी खिशात पेन शोधू लागलो. ती केतकीकडे वळली. "पहाटे चारला उठव मला. आणि उद्या संध्याकाळी माझ्या होडीचं नाव ऐकलंस तर दार लावू नकोस."

सोसायटीच्या पायरीवर बसून मी लिहिले. 'चोगलेसाहेब, उशिराबद्दल क्षमा असावी. जुना संच काय करतो, त्याचा नकाशा सोबत आहे. पाचवा चौकोन पाहावा. नव्या संचाला ते काम शिकवले, की जुन्याला खुशाल निरोप द्या. तोवर नको. आणि जमेल तेव्हा सागरकन्येचा बिल्ला खुंटीला टांगा. ती परत आली आहे.'

"हरबाकाकांचं घर समोरच आहे. मी देऊ हातात?"

"नको. त्यांनी पोस्टानं विचारलं होतं."

"आणि उद्या पोचलं नाही तर?"

"तर परवा पोचेल. शनिवार अजून चार दिवसांवर आहे."

धक्क्याच्या टोकाशी तांबडी पेटी होती. मी पाकीट आत सोडले. ते तळाशी पडल्याचा आवाज आला.